गाव सुटले, नाव उरले



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. इंग्रजांचे राज्य गेले, आता त्यांची आडनावे घेऊन आम्हांला काय करायचे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या अंगणात उभे राहिले की आपल्या घराचा वासा कोठे वाकला आहे ते कधीकधी अधिक नीट दिसते. म्हणून आज आम्ही आपल्याला इंग्लंडातील एका विरळ आडनावामागे घेऊन जाणार आहोत. आडनाव आहे 'ॲटनबरो'.

नाव विरळ असले तरी आपल्या कानांना ते परके नाही. १९८२ साली 'गांधी' हा चित्रपट पडद्यावर आला, त्याचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो. त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड ॲटनबरो यांनी पशुपक्ष्यांवरील आपल्या चित्रमालिकांनी जगभरच्या घरांत अरण्य आणून सोडले. 'गांधी'ला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांतील वेषभूषेचे पारितोषिक जॉन मोलो यांच्याबरोबर आपल्या कोल्हापूरच्या कन्येने, भानू अथैया यांनी मिळवले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचे माहेरचे आडनाव राजोपाध्ये. पारितोषिकांच्या यादीत मात्र ते नाव शोधून सापडायचे नाही. ही गोष्ट मनात असू द्या, पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

प्रथम इंग्रजी आडनावांचे कुळशील थोडक्यात पाहू. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वी सामान्य इंग्रजाला एकच नाव पुरत असे. पुढे सारा वसूल करायचा, जमिनीच्या वारसाची नोंद करायची, तर गावात चार जॉन आणि सहा विल्यम असून भागेना. मग कोणाला बापाच्या नावावरून ओळखू लागले, कोणाला धंद्यावरून, कोणाला अंगच्या खोडीवरून, तर कोणाला गावावरून. आरंभी ही नावे माणसाबरोबर मरत. बाप 'लोहार' म्हणून ओळखला जाई, मुलगा 'लंगडा' म्हणून. हळूहळू ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. दक्षिणेत हे आधी घडले, उत्तरेत मागाहून. सुमारे १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना वंशपरंपरागत आडनाव मिळाले होते. काळे, गोरे, देशपांडे, कुलकर्णी, पंढरपूरकर अशी नावे ज्या सभागृहात शेजारीशेजारी बसली आहेत, तेथे या प्रकाराची अधिक फोड करण्याचे कारण नाही.

यांतील गावावरून पडणाऱ्या नावाची एक गंमत आहे. ते गावात पडत नाही, गावाबाहेर पडते. साताऱ्यात सगळेच सातारचे. तेथे कोणाला 'सातारकर' म्हणून हाक मारून काय उपयोग? तो पुण्यात आला की सातारकर होतो. म्हणजे गावाचे नाव बहुधा त्या गावाला मुकलेल्या माणसाच्या वाट्याला येते. ज्याने गाव सोडले नाही, त्याच्याजवळ गाव आहे, पण गावाचे नाव नाही.

ॲटनबरो हे असेच एका गावाचे नाव आहे. मध्य इंग्लंडात नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस, ट्रेंट नदीच्या काठी, सेंट मेरीच्या जुन्या देवळाभोवती हे खेडे वसले आहे. नदीकाठची वाळू आणि खडी उपसून उपसून तेथे मोठाले खड्डे झाले, त्यांत पाणी भरले, आणि पाण्यावर पक्षी उतरू लागले. १९६६ साली त्या तळ्यांचे रक्षित पक्षिस्थान झाले. त्याच्या उद्‌घाटनाला कोणाला बोलवावे? डेव्हिड ॲटनबरो यांना! कित्येक पिढ्यांमागे गावातून निघालेले नाव अशा रीतीने पाहुणे होऊन गावी परत आले.

गावाच्या नावाचा अर्थ काय? बाराव्या शतकातील एका कागदात ते 'आडिनबुर्खा' अशा रूपात आढळते. नामशास्त्रज्ञ त्याचा अर्थ 'आड्डा किंवा त्यासारख्या नावाच्या कोणा पुरुषाचे बुर्ह' असा करतात. बुर्ह म्हणजे तटबंदीचे ठिकाण, गढी. कँटरबरी, पीटरबरो, एडिंबरो यांच्या शेपटीला हाच शब्द आहे. तेव्हा ॲटनबरो म्हणजे आपल्या भाषेत 'आड्डाची गढी' म्हणायला हरकत नाही. आड्डा कोण, त्याची गढी केवढी, हे सगळे मातीत गेले. नाव तेवढे राहिले.

आता एक चमत्कार पाहा. या गावचा इतिहासप्रसिद्ध सुपुत्र कोण? हेन्री आयर्टन. १६११ साली तो येथे जन्मला. क्रॉमवेलचा जावई, आणि चार्ल्स राजाच्या देहदंडाच्या हुकुमावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्याचे आडनावही गावावरूनच आले आहे, पण ते शेजारच्या डर्बीशायरमधील आयर्टन या ठिकाणावरून. म्हणजे ॲटनबरो गावात आयर्टन राहतो आणि ॲटनबरो दुसऱ्याच गावी राहतात. मघाशी सांगितलेल्या नियमाला याहून चांगला दाखला कोणता हवा?

येथवर सारे सरळ वाटते. पण आडनावांच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. जुन्या इंग्रजीत 'ॲटन' म्हणजे 'अमक्याजवळ' असाही अर्थ होतो. मग 'ॲटन-बरो' म्हणजे नुसता 'गढीजवळ राहणारा', असे का म्हणू नये? ॲटरबरी या आडनावाची फोड अशीच आहे. आणि गढ्या तर इंग्लंडभर होत्या. तसे असेल तर एका गावाशी या नावाचा संबंध जोडण्याचे कारण उरत नाही; पाच ठिकाणच्या पाच गढ्यांजवळचे पाच जण एकमेकांना न ओळखता ॲटनबरो झाले असतील. एक मूळ की अनेक मुळे? विरळ आडनावाच्या अभ्यासातील खरा प्रश्न हाच.

या प्रश्नाला भिडण्याची पहिली वाट कागदांची आहे. १५३८ साली इंग्लंडात हुकूम निघाला की प्रत्येक देवळात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली, आणि १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत माणसांची नावे सापडतात. अर्थात लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल ते लिही. त्यामुळे एकाच नावाची ॲटनबरो, ॲटनबॅरो अशी भावंडे तयार झाली. १८९० साली गपी नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडातील आडनावांच्या मूळ घरांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी युक्ती मोठी छान केली. शहरे सोडून दिली आणि फक्त शेतकऱ्यांची नावे मोजली. का? तर शेतकरी सगळ्यांत कमी हलतो. आजही कोणते आडनाव कोठले हे पाहायचे तर अभ्यासक १८८१ च्या जनगणनेतील नावे नकाशावर मांडतात.

त्या नकाशावर ॲटनबरो या नावाचा ठिपका कोठे दाट होतो? नॉटिंगहॅमशायरमध्ये, आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशायरमध्ये. काही मंडळी लंडनला जाऊन पोहोचलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकात तेथल्या गहाणवटीच्या दुकानांच्या पाट्यांवर हे नाव होते. पण मुख्य जमाव मूळ गावाच्या आसपासच. पाचशे वर्षांत राज्ये बदलली, धर्मपंथ बदलले, गिरण्या आल्या, रेल्वे आली, आणि नाव मात्र गावाच्या हाकेच्या टप्प्याबाहेर फारसे गेले नाही. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे आजोबासुद्धा स्टेपलफर्डचे, आणि स्टेपलफर्ड ॲटनबरो गावापासून अवघ्या काही मैलांवर आहे.

या बंधूंच्या वडिलांचा येथे उल्लेख केला पाहिजे. फ्रेडरिक ॲटनबरो हे केंब्रिजचे जुन्या इंग्रजीचे पंडित. इंग्लंडच्या सर्वांत प्राचीन राजांचे कायदे त्यांनी भाषांतरासह संपादून १९२२ साली प्रसिद्ध केले. त्या कायद्यांत दुसऱ्याचे 'बुर्ह' फोडून आत शिरणाऱ्याला दंड सांगितला आहे. स्वतःच्या आडनावाची शेपटी हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात वाचण्याचे भाग्य किती जणांना लाभते? पुढे १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४८ साली, तेथे इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली निघाला. हॉस्किन्सांच्या ग्रंथांतील कित्येक छायाचित्रे या प्राचार्यांनी स्वतः काढलेली आहेत. कॉलेजचे १९५७ साली विद्यापीठ झाले, आणि १९६५ साली तेथेच, मार्क फिच यांच्या निधीतून, इंग्रजी आडनावांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. बी कोणी पेरावे आणि पीक कोणत्या शिवारात यावे, याचा हा नमुना आहे. कारण ॲटनबरो या नावाचे रहस्य उकलण्याचा पुढचा प्रयत्नही याच लेस्टरमध्ये झाला.

तो प्रयत्न कागदाच्या वाटेने नव्हे, रक्ताच्या वाटेने झाला. शास्त्राचा भाग असा. पुरुषाच्या शरीरातील वाय नावाचे गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते, आईकडून नाही. इंग्लंडात आडनावही बापाकडूनच मुलाकडे जाते. म्हणजे दोन वारसे एकाच वाटेने चालले आहेत, एक कागदावर आणि एक देहात. मग एका आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे ताडून पाहिली तर त्यांचा मूळपुरुष एक की अनेक, हे कळायला हवे. लेस्टरच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी नेमके हेच केले. २००६ साली त्यांनी समान आडनावाच्या, पण परस्परांचे आप्त म्हणून ठाऊक नसलेल्या, दीडशे जोड्या तपासल्या. सुमारे एक चतुर्थांश जोड्यांचा पूर्वज एक निघाला. २००९ साली त्यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली.

निकाल काय लागला? 'स्मिथ' म्हणजे लोहार. लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून स्मिथ लाखांनी आहेत. आणि दोन स्मिथांचे रक्त जुळण्याचा संभव रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांइतकाच निघाला. पण नाव जसजसे विरळ, तसतसे नाते दाट होत गेले. ॲटनबरो या नावाच्या तर ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र एकच किंवा जवळजवळ एकच निघाले!

श्रोतेहो, या ठिकाणी टाळ्या वाजवून घरी जाण्याचा मोह होतो. एक गाव, एक मूळपुरुष, एक रक्त, आणि त्या सर्वांची राजमुद्रा म्हणजे आडनाव! हे ऐकून आपल्या मनातला कुळाचा अभिमानही हळूच मान वर काढतो. गालाच्या आतून कापूस फिरवून पाठवला की घरबसल्या पूर्वज सांगणाऱ्या कंपन्या आता निघाल्या आहेत. कोणी म्हणेल, आमचे घराणे शुद्ध आहे हे आम्ही तोंडाने सांगत होतो, ते आता प्रयोगशाळा सांगेल. आम्ही आपल्याला येथे मुद्दाम आणले ते या मोहासमोर उभे करण्यासाठीच. कारण ज्यांनी हा शोध लावला, त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष याहून निराळा आहे. ते म्हणतात की आजच्या या चित्रावरून सातशे वर्षांपूर्वी हे नाव प्रथम कोणी धारण केले, याविषयी भरवशाचे असे फारसे काही सांगता येत नाही.

हे कसे? उत्तरासाठी आणखी मागे गेले पाहिजे. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी एक कोडे जाहीर केले. थोरामोठ्यांची घराणी निर्वंश का होतात? त्यांच्या अंगचे पाणी आटते म्हणून, की हा नुसता योगायोगाचा खेळ आहे? हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने ते सोडवायला घेतले. त्याच्या उत्तरात एक चूक राहिली, ती पुढील गणित्यांनी सुधारली. पण वाट त्याने दाखवली. आपण त्याच वाटेने साधा हिशेब करू. समजा, शंभर पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. सरासरीने प्रत्येकाला एक मुलगा मोठा होतो. पण सरासरी म्हणजे समान वाटप नव्हे, कोणाला तीन, कोणाला एकही नाही. निव्वळ योगायोगावर सोडले तर पहिल्याच पिढीत सुमारे सदतीस आडनावे संपतात. दहा पिढ्यांनंतर सोळा उरतात. वीस पिढ्यांनंतर, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांनी, नऊ! कोणी पाप केले नाही, कोणाला शाप लागला नाही. मुली झाल्या, मुलगे लहानपणी गेले, एवढेच. यात १३४८-४९ च्या महामारीची भर घाला. तिने इंग्लंडातील निदान तिसरा हिस्सा माणसे नेली, आणि त्यांच्याबरोबर नुकती रुजू लागलेली कित्येक आडनावे नेली.

आता ॲटनबरोंकडे परत या. आरंभी या नावाचे पुरुष पाच असतील, दहाही असतील. गावातून निघालेले असतील, दुसऱ्या एखाद्या गढीजवळचेही असतील. त्यांतील एकाचा वंश वाढला, इतरांचा खुंटला. आज जे एक मूळ दिसते, ते पेरलेले एक बी असेलच असे नाही. पेरलेल्या अनेकांपैकी उगवून टिकलेले ते असू शकेल. तेव्हा ॲटनबरोंचे एक रक्त हा कुळाच्या शुद्धतेचा दाखला म्हणता येत नाही. दहा वाटांपैकी नऊ बुजल्या तरी उरलेली दहावी वाट आपल्याला राजमार्गच वाटते.

आणि जे ॲटनबरो या मोठ्या समूहात बसत नाहीत, त्यांचे काय? ते खोटे ॲटनबरो काय? काहींचा पूर्वज वेगळा असेल. कोणाला आईचे आडनाव मिळाले असेल, कोणी दत्तक गेला असेल, कोणी सावत्र बापाच्या घरी वाढला असेल, कोणी इस्टेटीसाठी नाव बदलले असेल. आणि काही गोष्टी नोंदवहीत लिहीत नसतात. पण प्रत्येकाला कोणीतरी ते नाव देऊन, जेवू घालून, लहानाचे मोठे केले. नाव जेथे जाते तेथे माया गेलेली असते. रक्त गेलेले असेलच असे नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावाही लेस्टरचाच आहे. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडलेला तिसरा रिचर्ड राजा तेथे पुरला होता. २०१२ साली मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. तो राजाचाच, हे ठरवायचे कसे? पुरुषवंशाचा कागद पक्का होता. इंग्लंडच्या सरदार घराण्यांचा वृक्ष पानापानाने लिहिलेला आहे. त्या वृक्षातील हयात पुरुषांचे वाय गुणसूत्र ताडून पाहिले, तर ते जुळेना. मधल्या कोठल्यातरी पिढीत धागा तुटला होता. मग आईकडून येणारा वारसा पाहिला. राजाच्या बहिणीपासून आईकडून मुलीकडे उतरत आलेल्या दोन वंशजांशी तो जुळला. २०१४ साली हा निर्णय प्रसिद्ध झाला. श्रोतेहो, राजघराण्याचा ज्याचा वृक्ष इतका जपला, तो पुरुषवंश मध्येच कोठेतरी तुटला; आणि जिचे आडनाव दर लग्नात पुसले गेले, ती स्त्रियांची वाट पाचशे वर्षे अखंड राहिली. मघाशी राजोपाध्ये हे नाव मनात ठेवायला सांगितले, ते यासाठी.

शेवटचा एक हिशेब करू आणि संपवू. आपल्याला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. असे दुप्पट करत वीस पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा किती होतात? १०,४८,५७६. त्यांत एकच माणूस अनेक जागी येईल, हे खरे. पण जागा दहा लाखांवर. आडनाव त्यांपैकी एकाची आठवण ठेवते. उरलेल्यांनी आपल्याला काही दिले नाही काय? एका पणत्याच्या उजेडात दहा लाखांचा जमाव पाहायचा, आणि जो एक चेहरा दिसला त्याला 'माझे कूळ' म्हणून मिरवायचे, हा अभिमान नव्हे, हा हिशेब चुकणे आहे.

मग आडनाव टाकाऊ काय? मुळीच नाही. ते रक्ताची ग्वाही देत नसेल, पण कोणीतरी एके दिवशी गाव सोडले, याची ग्वाही देते. ट्रेंटकाठच्या त्या खेड्यातून कोणी एक माणूस काही मैलांवरच्या दुसऱ्या खेड्यात गेला. तेथल्या लोकांनी विचारले, कोठला रे तू? त्याने गावाचे नाव सांगितले. तेच त्याला चिकटले, त्याच्या मुलांना चिकटले. परक्या माणसाला लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ज्याच्या नावात गाव आहे, तो कधीतरी कोठेतरी परका होता, आणि तेथल्यांनी त्याला ठेवून घेतले.

आपल्यापैकी ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यांनी आज घरी जाताना एवढे आठवावे. आपल्या पूर्वजाला कोणीतरी वेशीतून आत घेतले होते. उद्या आपल्या दारी नवा माणूस आला आणि आपण त्याला 'कोठले आपण?' असे विचारले, तर त्या विचारण्यात थोडा ओलावा असावा. आडनावाचा एवढा अर्थ कळला तरी आजची संध्याकाळ कारणी लागली, असे आम्ही समजू.